कॅनबिसचे व्हेपिंग: पूर्वतयारी आणि इतर घटकांनी अनुभव कसा बदलतो

एकाच डब्यातले फूल, तेच उपकरण आणि पडद्यावर तोच १९० अंशांचा आकडा, तरीही एके दिवशी वाफ दाट आणि सुगंधी मिळते, तर दुसऱ्या दिवशी घसा खवखवतो, चव करपट लागते आणि परिणाम जेमतेम जाणवतो. अशा वेळी बहुतेक वापरकर्ते थेट तापमान वाढवतात. माझ्या मते तापमानाला हात लावायचा तो सर्वांत शेवटी. पडद्यावरचा आकडा तापकाचे तापमान सांगतो. ती उष्णता फुलाच्या किती भागापर्यंत, किती वेळ आणि किती समान पोहोचली, हे मात्र फुलातील ओलावा, चुऱ्याची जाडी, भरण्याची पद्धत आणि झुरक्याचा वेग हे चार घटक ठरवतात. या लेखात तयारीचे टप्पे ज्या क्रमाने हाताळायचे त्याच क्रमाने घेतले असून प्रत्येक टप्प्यावर काय बदलले की काय बदलते, हे शक्य तितके कारणांसह सांगितले आहे.

लेखाचा मुख्य विषय कॅनबिसच्या, म्हणजे गांजाच्या, सुक्या फुलाचे व्हेपिंग, म्हणजे ते न जाळता तापवून त्याची वाफ ओढणे, हा आहे. तेलाच्या कार्ट्रिजचा (कॅनबिसचे तेल भरलेल्या छोट्या नळकांड्यांचा) उल्लेख शेवटी थोडक्यात येईल, कारण त्यांचे धोके वेगळे आहेत. हे विवेचन जिथे कायद्याने परवानगी आहे तिथल्या प्रौढ वापरकर्त्यांसाठी आहे. कॅनबिसविषयीचे कायदे देशागणिक, आणि कित्येक ठिकाणी प्रांतागणिक, अगदी टोकाचे वेगळे आहेत. अनेक देशांत ते नुसते बाळगणे हाच गुन्हा आहे. किशोरवयीन आणि विशीच्या सुरुवातीचे तरुण, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, हृदयविकार असलेले, तसेच स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कोणाला सायकोसिसचा (वास्तवाचे भान सुटण्याचा) त्रास झालेला असलेले, यांनी टीएचसी (नशा आणणारे मुख्य द्रव्य) असलेले कॅनबिस टाळावे. तयारी कितीही काटेकोर असली तरी हा धोका कमी होत नाही.

उपकरण उष्णता कशी देते ते आधी पाहा

व्हेपोरायझर फूल जाळत नाही. तो ते इतकेच तापवतो की कॅनाबिनॉइड (टीएचसीसारखी सक्रिय द्रव्ये) आणि टर्पीन (सुगंध देणारी द्रव्ये) बाष्परूपाने सुटतील, पण वनस्पतीचा तंतू पेटणार नाही. या फरकाचा पुरावा चांगला आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात व्हेपोरायझर वापरणाऱ्यांच्या रक्तातील टीएचसी धूम्रपान करणाऱ्यांच्या जवळपास इतकेच आढळले. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मात्र धूम्रपानानंतर वाढले तसे वाढले नाही. याचा अर्थ व्हेपिंग निरुपद्रवी आहे असा नाही. ज्वलनातून येणारा बराचसा विषारी भाग टळतो, एवढाच त्याचा अर्थ.

उष्णता देण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. वहन पद्धतीत फूल तापलेल्या भिंतीला टेकलेले असते आणि भिंतीकडून थेट तापते. अभिसरण पद्धतीत हवा आधी तापते आणि ती गरम हवा फुलातून ओढली जाते. अनेक उपकरणांत दोन्हींचे मिश्रण असते. आपले उपकरण कोणत्या गटातले आहे हे माहीत असल्याशिवाय पुढचा कोणताही सल्ला उपयोगाचा नाही, कारण चुरा किती बारीक असावा, चेंबर किती भरावा आणि झुरका किती संथ असावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोन गटांत वेगळी, काही वेळा अगदी उलट आहेत. ओळखण्याची सोपी खूण अशी: झुरका न घेता उपकरण नुसते तापत ठेवले आणि काही मिनिटांत फूल तपकिरी होऊ लागले, तर वहनाचा वाटा मोठा आहे. झुरका घेतल्याशिवाय रंग फारसा बदलत नसेल, तर काम मुख्यतः अभिसरणाने चालले आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तापमानाचा संवेदक बहुधा तापकाजवळ बसवलेला असतो, फुलाच्या मध्यभागी नव्हे. त्यामुळे एका उपकरणावरचे १९० अंश आणि दुसऱ्यावरचे १९० अंश यांत फुलापर्यंत पोहोचणारे तापमान सारखे असेलच असे नाही. दुसऱ्या कोणाचा आवडता आकडा आपल्या उपकरणावर तसाच लावणे त्यामुळे फारसे अर्थपूर्ण नाही.

फुलातील ओलावा

माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित घटक हाच. पाण्याची अप्रकट उष्मा खूप मोठी असते. फूल ओलसर असेल तर तापकाची सुरुवातीची बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते आणि तोपर्यंत चुऱ्याचे तापमान वाढत नाही. पहिले झुरके मग पाण्याच्या वाफेचे निघतात, घशाला गरम लागतात आणि त्यांत सक्रिय द्रव्य कमी असते. वापरकर्ता तापमान चढवतो, पाणी संपते, आणि त्याच चढवलेल्या तापमानावर कोरडा झालेला चुरा एकदम जास्त तापतो. करपट चवीचे हे एक नेहमीचे कारण आहे.

अतिकोरड्या फुलाची अडचण वेगळी आहे. त्याचे टर्पीन आधीच बरेच उडून गेलेले असतात, हाताळताना त्याची भुकटी होते, ते झपाट्याने तापते आणि त्याची वाफ घसा कोरडा करते.

साठवणीसाठी ५५ ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता हा सर्वसाधारणपणे मान्य पट्टा आहे. त्याच्या वर बुरशीचा धोका वाढतो, खाली फूल ठिसूळ होते. हवाबंद काचेची बरणी, अंधार आणि थंड जागा एवढी व्यवस्था पुरते. ५८ किंवा ६२ टक्क्यांवर आर्द्रता स्थिर ठेवणाऱ्या पुड्या मिळतात, त्यांतली एक बरणीत ठेवावी. प्रकाश, उष्णता आणि हवा यांमुळे टीएचसीचे हळूहळू सीबीएन या बऱ्याच सौम्य द्रव्यामध्ये रूपांतर होते आणि फुलाचा जोर कमी होतो. कोरडे फूल पुन्हा ओलसर करण्यासाठी बरणीत फळाची साल टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नये, कारण सालीबरोबर बुरशीही आत जाते. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ते फूल टाकून द्यावे. तापवल्याने सगळी बुरशी आणि तिची विषद्रव्ये नष्ट होतात असे गृहीत धरता येत नाही, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी आहे त्यांना ॲस्परजिलससारख्या बुरशीचा फुप्फुसाचा संसर्ग गंभीर ठरू शकतो.

व्हेपिंगसाठीचे फूल साठवणीतल्या फुलापेक्षा किंचित कोरडे असलेले चांगले. देठ वाकवला तर तो लवचिकपणे वळण्याऐवजी कट्कन मोडावा, पण कळी बोटांत भुकटी होऊ नये. ओलसर वाटणारे फूल चुरा करून स्वच्छ कागदावर थोडा वेळ उघडे ठेवले तरी पुरते. अर्थात मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर.

चुरा किती बारीक

चुरा बारीक केला की पृष्ठभाग वाढतो आणि द्रव्ये लवकर सुटतात, पण त्याबरोबर हवेची वाटही अरुंद होते. वहन पद्धतीच्या उपकरणात भिंतीशी जितका संपर्क जास्त तितके चांगले, म्हणून तिथे बारीक चुरा चालतो. अभिसरण पद्धतीत हवा चुऱ्यातून सहज वाहायला हवी, म्हणून तिथे मध्यम किंवा जाडसर भरड योग्य. पीठ मात्र कोणत्याच उपकरणात नको: ते जाळीतून वर येते, तोंडात जाते, हवेचा मार्ग बुजवते आणि झुरका जड करते.

ग्राइंडरची पकड दोन्ही दिशांना फिरवत राहिले की भरड अधिकाधिक बारीक होत जाते, त्यामुळे किती वेढे दिले हे ठरलेले असावे. देठ आणि बिया आधी काढून टाकाव्यात. त्यांच्यात सक्रिय द्रव्य नगण्य असते आणि ते तापले की चव बिघडते. चुरा लागेल तेवढाच आणि त्याच वेळी करावा. आदल्या दिवशी करून ठेवलेल्या चुऱ्याचा सुगंध दुसऱ्या दिवशी ठळकपणे कमी झालेला असतो.

भरणे आणि मात्रा मोजणे

वहन उपकरणाचा चेंबर अर्धवट भरला तर मधल्या पोकळीमुळे चुरा भिंतीपासून सुटतो आणि अर्धा भाग कच्चा राहतो. तो काठापर्यंत भरून वरून हलक्या हाताने दाबावा. कमी मात्रा हवी असेल तर चेंबर रिकामा ठेवण्यापेक्षा मात्रेची छोटी कॅप्सूल किंवा जागा व्यापणारा ठोकळा वापरावा. अभिसरण उपकरणात चुरा सैल पण समपातळीत पसरावा, कारण हवा सर्वांत कमी अडथळ्याची वाट धरते. एका कोपऱ्यात चुरा विरळ असेल तर गरम हवा तिथूनच निसटते, तेवढाच पट्टा काळवंडतो आणि बाकीचा हिरवा राहतो. दोन्ही प्रकारांत मध्ये एकदा उपकरण थांबवून चुरा ढवळला की फरक पडतो. वहन उपकरणात तर ढवळणे जवळजवळ अनिवार्य आहे.

आता हिशेब. लेबलवर २० टक्के टीएचसी असलेल्या फुलाच्या ०.१ ग्रॅममध्ये, म्हणजे १०० मिलिग्रॅममध्ये, २० मिलिग्रॅम टीएचसी असते. लेबलवर टीएचसीए दिलेले असेल तर तो आकडा ०.८७७ ने गुणावा, कारण ताज्या किंवा वाळवलेल्या फुलातील बहुतांश द्रव्य टीएचसीए या आम्लरूपात असते आणि तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की वजन तेवढे घटते. म्हणजे २० टक्के टीएचसीएचे १०० मिलिग्रॅम फूल जास्तीत जास्त साडेसतरा मिलिग्रॅम टीएचसी देईल. हे रूपांतर व्हेपोरायझरमध्ये आपोआप होते. फूल आधी ओव्हनमध्ये तापवण्याची गरज नसते.

यातले सगळे वाफेत येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळा-चाचणीत २१० अंशांवर चार विद्युत व्हेपोरायझर तपासले गेले, तेव्हा फुलातील टीएचसीपैकी सुमारे ५५ ते ८३ टक्के भाग वाफेत मिळाला. उपकरण बदलले की तेवढ्याच फुलातून किती वेगळी मात्रा मिळू शकते, हे या एका पट्ट्यावरून कळते. त्यानंतरही काही भाग उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो.

तुलनेसाठी दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय औषध दुरुपयोग संस्थेने २०२१ साली संशोधनासाठी टीएचसीचे प्रमाण एकक ५ मिलिग्रॅम ठरवले. आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात, क्वचित वापर करणाऱ्या १७ प्रौढांना १० आणि २५ मिलिग्रॅम टीएचसी असलेले फूल धूम्रपानाने आणि व्हेपिंगने दिले असता, तेवढ्याच मात्रेला व्हेपिंगचा परिणाम अधिक तीव्र होता आणि रक्तातील टीएचसीही अधिक होते. २५ मिलिग्रॅमवर काहींना उलटीपर्यंत त्रास झाला. धुराची सवय असलेला माणूस वाफ सौम्य वाटते म्हणून भरपूर भरतो, ते या कारणासाठी धोक्याचे आहे. नव्याने किंवा दीर्घ खंडानंतर वापरणाऱ्याने ०.०२ ते ०.०५ ग्रॅम भरून सुरुवात करावी. त्यासाठी मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा लागतो. मात्रा अंदाजाने, चिमटीने मोजणारा वापरकर्ता बाकीचे सगळे घटक कितीही नेमके सांभाळो, त्याचा अनुभव बदलतच राहणार.

तापमान

टर्पीन आणि कॅनाबिनॉइडांच्या उत्कलन बिंदूंचे तक्ते सर्वत्र फिरत असतात. टर्पीनांचे आकडे साधारण बरोबर असतात: अल्फा-पायनीन सुमारे १५६, मायर्सीन १६७, लिमोनीन १७६ आणि लिनालूल १९८ अंश सेल्सिअस. टीएचसीसाठी मात्र जो १५७ अंशांचा आकडा छापला जातो तो अतिशय कमी दाबाखाली मोजलेला आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो उत्कलन बिंदू नाही. शिवाय उत्कलन बिंदू गाठल्याशिवाय द्रव्य सुटत नाही ही समजूतच चुकीची आहे. ओले कपडे शंभर अंशांना न उकळताच वाळतात, तसेच इथेही बाष्पीभवन बिंदूच्या बरेच खाली सुरू होते आणि तापमान, हवेचा प्रवाह व वेळ यांच्यानुसार त्याचा वेग बदलतो. म्हणून १७५ अंशांवर लिमोनीन मिळणार नाही आणि १७७ वर एकदम मिळेल, असे होत नाही. तक्त्यावरून नेमका अंश निवडण्यापेक्षा पट्टे समजून घेणे उपयोगाचे.

१७० ते १८० अंशांच्या पट्ट्यात चव सर्वांत स्पष्ट असते, वाफ विरळ दिसते आणि टीएचसी हळूहळू सुटते. १८० ते १९५ हा मधला पट्टा बहुतेकांना पुरेसा ठरतो. वाफ दिसू लागते आणि चवही टिकते. १९५ ते २१० मध्ये वाफ दाट होते, द्रव्य जास्त आणि लवकर निघते, पण सुगंध ओसरतो आणि घशाला त्रास वाढतो. २२० च्या पुढे जाण्यात मला काही फायदा दिसत नाही: वनस्पतीचा तंतूच विघटित होऊ लागतो, त्रासदायक द्रव्ये वाढतात आणि २३० च्या आसपास करपण्याची सीमा जवळ येते. चेंबरमध्ये काही भाग पडद्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त तापलेला असू शकतो, हेही लक्षात घ्यावे.

कमी तापमानाने डोके तरतरीत राहते आणि जास्त तापमानाने शरीर सुस्त होते, असे ठामपणे सांगितले जाते. यातला बराच भाग साध्या मात्रेचा आहे असे मला वाटते. जास्त तापमानाला तेवढ्याच झुरक्यांत जास्त टीएचसी मिळते, आणि जास्त टीएचसीचा परिणाम अधिक जड असतो. याची शहानिशा करायची तर कमी तापमानावर अधिक झुरके घेऊन एकूण मात्रा सारखी ठेवावी आणि मगच तुलना करावी.

प्रत्यक्षात चढत्या पायऱ्यांची पद्धत सर्वांत समाधानकारक आहे. १७५ ते १८० वर सुरुवात करावी, पडद्याने इशारा दिल्यावरही आणखी अर्धा ते एक मिनिट थांबावे, म्हणजे चेंबरबरोबर चुराही तापतो. दोन-तीन झुरक्यांनंतर चव फिकी पडली की ५ ते १० अंश वाढवावेत आणि २०० ते २०५ च्या आसपास थांबावे. एकदम वरच्या तापमानावर सुरुवात केली तर टर्पीन पहिल्या दोन झुरक्यांतच उडून जातात आणि उरलेला वेळ करपट चवीचा जातो.

झुरका

ओढलेली हवा चुऱ्याला थंड करते, हे विसरले जाते. जोराने ओढले तर तापक मागे पडतो, हवा पुरेशी तापत नाही आणि वाफ विरळ मिळते. अभिसरण उपकरणात झुरका संथ आणि लांब, सुमारे १० सेकंदांचा असावा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काहीच न जाणवणे स्वाभाविक आहे. वहन उपकरणात चुरा आधीच तापलेला असतो, त्यामुळे छोटे, हलके घोट आणि त्यांच्यामध्ये थोडी विश्रांती असावी, म्हणजे भिंतीकडून उष्णता पुन्हा भरून येते. मात्र फार रेंगाळल्यास वहन उपकरणात द्रव्य हवेतच वाया जाते, कारण झुरका नसतानाही ते सुटत राहते.

श्वास दीर्घकाळ रोखून धरण्याचा फायदा नाही. धुराविषयी झालेल्या प्रयोगांत श्वास अधिक वेळ रोखल्याने जाणवणाऱ्या परिणामात ठळक वाढ दिसली नाही. टीएचसी फुप्फुसांतून झपाट्याने शोषले जाते. दोन-तीन सेकंद पुरतात. त्यापुढे चक्कर येते ती बऱ्याचदा प्राणवायूच्या कमतरतेची असते.

वाफेचा मार्ग जितका लांब तितकी ती थंड होते, आणि त्याबरोबर थोडे द्रव्य नळीच्या भिंतीवर साचते. काचेची लांब नळी घशाला सौम्य असते, पण तिच्यात साचणारा चिकट थर हा तुमच्या मात्रेतलाच भाग असतो. पाण्यातून वाफ नेल्यास ती थंड आणि दमट होते. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तरी भांड्याच्या पृष्ठभागांवर काही भाग चिकटतोच. फुग्यात वाफ भरणाऱ्या उपकरणांत ती काही मिनिटांतच वापरावी, नाहीतर फुग्याच्या आतल्या बाजूवर संघनन होत जाते.

शरीर आणि परिस्थिती

वाफेचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, साधारण १० ते ३० मिनिटांत शिखरावर पोहोचतो आणि काही तास टिकतो. म्हणून पहिल्या एक-दोन झुरक्यांनंतर किमान १५ मिनिटे थांबून मगच पुढचा निर्णय घ्यावा. थांबण्याची ही सवय बहुतेक अप्रिय अनुभव टाळते.

सहनशीलता हा सर्वांत मोठा वैयक्तिक घटक. रोजच्या वापराने मेंदूतील सीबी१ ग्राही, म्हणजे टीएचसी ज्यांना चिकटून परिणाम करते ते रेणू, कमी होतात. वापर थांबवल्यावर त्यांची भरपाई दोन-तीन दिवसांतच सुरू होते आणि सुमारे चार आठवड्यांत ते जवळपास पूर्ववत होतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की महिनाभराच्या खंडानंतर जुनी मात्रा ही नव्या माणसाला दिलेली मोठी मात्रा ठरते. मद्यासोबतचा वापर विशेष टाळावा: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हेपोराइझ केलेल्या कॅनबिससोबत थोडे मद्य दिले असता रक्तातील टीएचसीची कमाल पातळी वाढली. झोपेची कमतरता, मनाची अस्वस्थता आणि अनोळखी जागा यांनीही परिणामाचा सूर बदलतो. वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारे) किंवा क्लोबाझम (अपस्मारावरचे) यांसारखी औषधे चालू असतील तर सीबीडी (नशा न आणणारे कॅनाबिनॉइड) असलेल्या वाणांबाबतही डॉक्टरांना आधी विचारावे.

तोंड कोरडे पडते ते लाळग्रंथींवरील परिणामामुळे. पाण्याने बरे वाटते, पण कोरडेपणा पूर्ण जात नाही. मात्रा जास्त झाली, हृदयाची धडधड वाढली किंवा भीती दाटून आली, तर वापर थांबवून शांत जागी बसावे किंवा पडून राहावे आणि शक्य असल्यास विश्वासू माणसाला सोबत बोलवावे. शिखर ओसरले की हे बहुधा उतरत जाते. छातीत दुखणे, बेशुद्धी, भ्रम किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील तर मात्र वैद्यकीय मदत घ्यावी. वाहन आणि यंत्रे यांपासून दूर राहण्यासाठी कॅनडातील कमी जोखमीच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे किमान ६ तास सांगतात. मात्रा मोठी असेल तर त्याहून जास्त.

उरलेला चुरा वाचायला शिका

सत्र संपल्यावर चेंबरमधला चुरा पांढऱ्या कागदावर ओतून नीट पाहावा. सगळीकडे सारखा मध्यम तपकिरी रंग म्हणजे उष्णता समान पोहोचली. कडा काळपट आणि मध्य हिरवट असेल तर वहन उपकरणात ढवळणे कमी पडले किंवा भरड जाड राहिली. एकच काळा पट्टा म्हणजे हवेने आडवाट धरली. सर्वत्र फिकट हिरवा-पिवळा रंग असेल तर चुरा ओलसर होता, सत्र आखूड झाले किंवा तापमान खरोखरच कमी होते. तापमान वाढवण्याचा निर्णय पहिल्या दोन शक्यता तपासल्यानंतर घ्यावा. काळा, राखेसारखा चुरा दिसला तर ते व्हेपिंग राहिलेच नाही, ज्वलन झाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी: फुलाचे वजन, भरड, तापमान, झुरक्यांची संख्या आणि उरलेल्या चुऱ्याचा रंग. हा उरलेला चुरा निष्क्रिय नसतो. त्यात टीएचसी शिल्लक असते आणि तेही आता आम्लरूपात नसल्यामुळे पोटात गेले तर परिणाम करते. तो उघड्या कचरापेटीत टाकू नये. लहान मुलांनी किंवा कुत्र्याने खाल्ला तर तातडीने उपचार लागू शकतात.

सफाई

चिकट राळ साचली की हवेचा मार्ग अरुंद होतो, झुरका जड होतो, वापरकर्ता नकळत जोराने ओढतो आणि जुन्या राळेची कडवट चव प्रत्येक झुरक्यात मिसळते. चेंबर कोमट असतानाच ब्रशने झाडावा. काच आणि धातूच्या जाळ्या ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, धुऊन पूर्ण वाळवाव्यात. प्लास्टिक आणि रबरी कड्यांना कोमट साबणपाणी पुरे. अल्कोहोल ज्वलनशील आहे, म्हणून भाग पूर्ण सुकल्याशिवाय उपकरण चालू करू नये, आणि जोडल्यानंतर एकदा ते रिकामेच तापवून घ्यावे. सुटी बॅटरी वापरणाऱ्यांनी तिचे आवरण फाटलेले नाही ना हे पाहावे. फाटलेल्या आवरणाची लिथियम बॅटरी वापरू नये.

कार्ट्रिज आणि अर्क यांबद्दल

वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तेलाच्या कार्ट्रिजला लागू नाहीत. तिथे चुरा नाही, ओलावा नाही. महत्त्व आहे ते कॉइलला (तेल तापवणाऱ्या तारेला) मिळणाऱ्या व्होल्टेजला आणि त्याहून अधिक तेलात काय आहे याला. २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या तीव्र इजेची साथ आली; फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या मिळून २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी ६८ जणांचा मृत्यू झाला. तिचा संबंध प्रामुख्याने बेकायदा बाजारातील टीएचसी कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. प्रयोगशाळेच्या तपासणीचा दाखला नसलेले कार्ट्रिज कोणत्याही व्होल्टेजवर सुरक्षित होत नाही. अर्कांच्या (फुलातून काढलेल्या तीव्र, घट्ट द्रव्याच्या) बाबतीत पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवले की फार तापलेल्या पृष्ठभागावर टर्पीनांचे विघटन होऊन मेथॅक्रोलीन आणि बेंझीन तयार होतात. त्यामुळे व्होल्टेज सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावे.

अडचण आली तर तपासण्याचा क्रम

वाफ विरळ असेल तर आधी झुरका संथ करावा, मग पूर्वतापाचा वेळ वाढवावा, मग भरणे आणि भरड तपासावी, मग ओलावा, आणि यानंतरच तापमान ५ अंशांनी चढवावे. चव करपट असेल तर आधी सफाई, मग चुऱ्यातील भुकटीचे प्रमाण, मग तापमान कमी करणे. झुरका जड जात असेल तर जाळी बंद झाली आहे किंवा चुरा फार दाबला आहे. घसा खवखवत असेल तर तापमान १० अंशांनी उतरवावे, झुरका आखूड करावा आणि लांब नळी वापरून पाहावी. खोकला मात्र उपकरणाची अडचण समजून रेटून नेऊ नये. तो काही आठवडे टिकला, दम लागू लागला, छातीत घरघर जाणवली किंवा ताप आला, तर वापर पूर्ण थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि काय, कशातून व किती काळ ओढले हे त्यांना स्पष्ट सांगावे, कारण निदान त्यावरच अवलंबून असते.